ताप उतरला, म्हणजे?

श्रोतेहो, पावसाळा सरत आला की आपल्या नांदेड-लातूरकडे कुठल्याही दवाखान्यात एकच मागणी: "साहेब, एक सुई द्या अन् ताप तेवढा उतरवा." मला राग येतो तो या 'तेवढा'चा. ताप जंतू चढवत नाहीत हो, आपलंच शरीर चढवतं.

गच्चीवरच्या टाकीतला बॉल डोळ्यांसमोर आणा. पाणी बॉलपर्यंत आलं की धार बंद. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिनसारखी रसायनं सोडतात, मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि तिथल्या हायपोथॅलॅमसमधला, म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या केंद्रातला, बॉल 37 अंशांवरून समजा 39 वर जातो. अंग 37 वरच असतं, पण मेंदूच्या हिशेबी टाकी अर्धवट. म्हणून हुडहुडी भरते, स्नायू थरथरून उष्णता करतात, हातपाय गार पडतात. टाकी भरली की थंडी थांबते. आजी मात्र तेव्हाही वर दुसरी वाकळ टाकते! हिव थांबलं की वाकळ काढा, माय. पॅरासिटामॉलनं बॉल खाली येतो, जादा पाणी घामावाटे जातं. जंतू जागच्या जागी! उलट वाढलेल्या उष्णतेत बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते, पेशींना जोर चढतो.

गोळी देऊच नका, असं नाही. लेकरू कण्हत असेल तर वजनाच्या हिशेबानं द्या. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, तर थेट दवाखाना.

पुन्हा सांगतो, ताप उतरला म्हणजे दुखणं गेलं नाही. डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरतो, घरचे निवांत होतात, आणि नेमकं तेव्हाच काहींच्या रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपायला लागतं. टाकीच गळायला लागली म्हणा. पोटात जोराची कळ, थांबेनात अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळाठा, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनानं देऊ नका.

लातूरकरांना पाणी साठवायला कोण शिकवणार? 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पण डेंग्यूचा डास त्याच पिंपात, रांजणात वाढतो.  वेळ संपल्याची खूण झाली. एवढंच सांगतो, पिंप आठवड्याला रिकामं करून आतून घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.