दुबईत राहावे की शारजात? एका नोकरदाराचा हिशेब

(परदेशी नोकरीस जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांसमोर पेडणे तालुक्यातील एका गावी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. २००८ ते २०१९ अशी अकरा वर्षे दुबईतील देरा भागात एका व्यापारी पेढीत मी हिशेबनीस होतो. दुसऱ्यांचे हिशेब लिहिता लिहिता स्वतःच्या घरखर्चाचीही वही ठेवण्याची सवय लागली. त्या वहीच्या आधारावरच आज मी बोलणार आहे. गावातील मुले भेटली की पगार किती मिळेल हे विचारतात. राहायचे कोठे, हे कोणी विचारीत नाही. माझा अनुभव असा, की परत येताना गाठीस किती उरले हे पगाराइतकेच या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

दुबई आणि शारजा ही संयुक्त अरब अमिरातीतील दोन शेजारची शहरे होत. १९७१ साली हे संघराज्य स्थापन झाले आणि १९७३ मध्ये त्याचे दिरहॅम हे चलन आले. त्यापूर्वी, १९५९ ते १९६६ या काळात, त्या किनाऱ्यावर आपल्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला रुपया चालत असे, हे जाता जाता सांगतो. दोन्ही शहरे एकमेकांस इतकी चिकटलेली आहेत की अल नहदा या वस्तीचा एक भाग दुबईत मोडतो आणि त्याच नावाचा दुसरा भाग शारजात. आपल्याला यात नवल वाटू नये. पत्रादेवीचा नाका ओलांडला की पेट्रोलचा भाव बदलतो, हे आपण जाणतोच. तेथे पेट्रोलचा भाव बदलत नाही, घरभाडे बदलते.

२०११ मध्ये पत्नी आणि चार वर्षांची मुलगी तेथे यावयाची ठरली. तोवर मी देऱ्यात एका खोलीत इतर पाचजणांबरोबर खाटेपुरती जागा घेऊन राहत होतो. एकट्या माणसाला ती सोय स्वस्त पडते. मात्र कुटुंबांसाठी राखलेल्या इमारतीत अशी दाटी करण्यास दोन्ही शहरांत मनाई आहे, आणि तपासणी झाली तर रातोरात बिछाना गुंडाळावा लागतो. खाट घेण्यापूर्वी करार कोणाच्या नावे आहे, एवढे तरी विचारावे.

माझा पगार तेव्हा सात हजार दिरहॅम होता. कुटुंब नेण्यासाठी आज किमान चार हजार दिरहॅम, अथवा तीन हजार आणि राहण्याची सोय, एवढे वेतन दाखवावे लागते. मी दोन घरे पाहिली. दुबईच्या अल नहदात एक शयनगृह असलेल्या घराचे वार्षिक भाडे बेचाळीस हजार, तर शारजाच्या अल नहदात तशाच घराचे चोवीस हजार. म्हणजे महिन्याला साडेतीन हजार विरुद्ध दोन हजार. शिवाय दुबईत भाड्याच्या पाच टक्के गृहशुल्क वीज-पाण्याच्या बिलातून वसूल होते. ते महिना एकशे पंचाहत्तर. कागदावर शारजात महिन्यास १,६७५ दिरहॅमची बचत दिसत होती. मी विचार न करता शारजा धरले.

भाडे दरमहा देण्याची रीत तेथे फारशी नाही. वर्षाचे भाडे चार अथवा सहा पुढील तारखांच्या धनादेशांत लिहून द्यावे लागते. त्या काळी धनादेश न वटणे हा सरळ फौजदारी गुन्हा होता. २०२२ पासून तो कायदा पुष्कळ सैल झाला आहे. पहिला धनादेश, घरमालकाकडील अनामत, दलाली, वीज-पाण्याची अनामत आणि करारनोंदणीची फी एवढे पैसे पहिल्या आठवड्यातच मोजावे लागले, आणि त्यासाठी मला एका मित्रापुढे हात पसरावा लागला. स्वस्त घरातही प्रवेश स्वस्त नसतो, हे गावाहून निघताना कोणी सांगत नाही.

आता दुसरी बाजू. दुबईत राहिलो असतो तर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या हिरव्या मार्गाने देऱ्यास जाता आले असते. महिना फार तर दोनशे दिरहॅम लागले असते. शारजात मेट्रो नाही. मी काही महिने बसच्या रांगेत उभा राहिलो. आखाती उन्हाळ्यात त्या रांगेत उभे राहणे काय असते, ते येथे बसून सांगता येणार नाही. अखेर एक जुनी मोटार घेतली. तिचा हप्ता, पेट्रोल, विमा, नोंदणी आणि उभी करण्याची जागा मिळून महिना बाराशे दिरहॅम. मग हिशेब असा झाला :

दुबईतील घर ३,५००, गृहशुल्क १७५, मेट्रो २०० : एकूण ३,८७५.
शारजातील घर २,०००, मोटार १,२०० : एकूण ३,२००.

म्हणजे १,६७५ ची बचत ६७५ वर आली. २०१३ मध्ये दुबईने शारजाच्या वाटेवर अल ममझर येथे पथकराची कमान उभारली. एका वेळेस चार दिरहॅम, जाऊन-येऊन आठ, सव्वीस दिवसांचे २०८. उरले ४६७.

एवढ्यावर वही मिटली असती. पण एके रात्री पत्नीने सहज विचारले, की मुलीने आपणांस या आठवड्यात जागेपणी किती वेळा पाहिले? मी सकाळी निघे तेव्हा ती झोपलेली असे आणि परत येई तेव्हाही. मी उत्तर दिले नाही, वही उघडली. त्या रस्त्यावरील वाहनांच्या गर्दीत दुबईकराच्या तुलनेत माझे रोज अडीच तास जादा जात होते. महिन्यास पासष्ट तास. ४६७ दिरहॅम भागिले पासष्ट, म्हणजे ताशी सात दिरहॅम. पेढी मला माझ्या कामाचे ताशी तेहतीसच्या वर देत होती, आणि मी मुलीच्या वाट्याचा वेळ सातास विकत होतो. त्या रात्री दुबईस परत जाण्याचे ठरले.

आणि तरीही आम्ही गेलो नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घर शोधू लागलो तोवर दुबईची भाडी चढली होती. पूर्वी बेचाळीस हजारास मिळणारे घर २०१४ मध्ये नव्या भाडेकरूस अठ्ठावन्न हजार सांगू लागले. शारजात मात्र पहिली तीन वर्षे घरमालकास भाडे वाढविता येत नाही. ही मुदत संपल्यावर माझ्या मालकाने बत्तीस हजार केले. पुन्हा बेरीज मांडली, तेव्हा मोटार आणि पथकर धरूनही शारजा महिन्यास बाराशे दिरहॅमने स्वस्त निघाली. बाराशेची मुलीची शाळा होती. मी तेथेच राहिलो, फक्त पहाटे साडेपाचला निघू लागलो आणि पेढीकडून तासभर लवकर सुटण्याची परवानगी मागून घेतली. ती मला तीन वर्षांपूर्वीच मागता आली असती.

येथे एक खुलासा हवा. २०११ मध्येच जो दुबईत स्थिरावला, त्याला अठ्ठावन्न हजार द्यावे लागले असतेच असे नाही. दुबईत चालू भाडेकरूचे भाडे किती वाढवावे यावर २०१३ च्या फर्मानाने मर्यादा आहे. बाजारभावापेक्षा भाडे दहा टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ नाहीच, आणि कितीही कमी असले तरी वाढ वीस टक्क्यांहून अधिक नाही. म्हणजे जुन्या भाडेकरूचा हिशेब वेगळा, नवख्याचा वेगळा. मित्राच्या भाड्यावरून आपले ठरवू नये. माझे आकडेही तसेच धरू नयेत. २०२१ नंतर दुबईत भाडी फारच वाढली आणि तिच्यामागोमाग शारजातही. पथकर ३१ जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी चारऐवजी सहा दिरहॅम झाला आहे. बेरजेची रीत तेवढी घ्यावी, आणि दर वर्षी करार नवा होण्यापूर्वी ती पुन्हा करावी.

काही खर्च दोन्हीकडे सारखेच. २०१८ पासूनचा पाच टक्के मूल्यवर्धित कर सर्व अमिरातींत एकच आहे, पेट्रोलही एकाच दराने. पगारावर आयकर नाही. भाजी, तांदूळ, मासळी यांत फरक असतो तो दुकानादुकानांतला.

रुपयाच्या भावाविषयी मुले फार बोलतात. २०११ च्या मध्यास एका दिरहॅमला सुमारे बारा रुपये मिळत. ऑगस्ट २०१३ मध्ये अठराच्या वर मिळू लागले. आमच्या इमारतीत त्या महिन्यात जणू दिवाळी होती. पण दिरहॅम १९९७ पासून डॉलरशी बांधलेला आहे; पडला होता तो रुपया. घरमालक भाडे दिरहॅमनेच घेत होता. रुपयाच्या भावाचा लाभ फक्त उरलेल्या रकमेस होतो. ज्याचे काही उरत नाही, त्याला बारा काय आणि अठरा काय.

शेवटी कराराविषयी. नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजतात, भत्त्यांवर नव्हे : पहिली पाच वर्षे दर वर्षास एकवीस दिवसांचे वेतन, पुढे तीस दिवसांचे. माझ्या सात हजारांत मूळ वेतन साडेतीन हजारच होते. म्हणून सुरुवातीच्या प्रत्येक वर्षामागे माझे ४,९०० ऐवजी २,४५० जमले. सही करताना ती ओळ मी वाचली होती. तिचा अर्थ विचारला नव्हता. भरती करणाऱ्या नोंदणीकृत दलालास आपल्या सरकारच्या नियमानुसार तीस हजार रुपये आणि त्यावरील कर याहून अधिक घेता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

कोणाच्या हाती करारपत्र आले असेल तर त्याने ते घेऊन पुढे यावे. कचेरी कोणत्या भागात, राहण्याची सोय कोणाची, मूळ वेतन किती, ही तीन उत्तरे मिळाली की आपण येथेच बेरीज मांडू. वही मी बरोबर आणली आहे.