गुलामांची पावले, जगाचा ताल



‘अमेरिकेतील लोकप्रिय नृत्य’ हा विषय आम्ही निवडला, तेव्हा काही मित्र म्हणाले, “अहो, कल्याणकारी संस्थेच्या कार्यक्रमात नाचाचे काय काम?” प्रश्न रास्त आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केला. ज्यांच्या मुक्तीचे मोल जोतीरावांनी जाणले, त्या गुलामांनी जगाला काय दिले, हे आपण जाणून घ्यायला नको काय?

आफ्रिकेतून बेड्या घालून आणलेल्या माणसाचे नाव गेले, भाषा गेली, मुलेबाळे बाजारात विकली गेली. उरले ते शरीर आणि त्यातला ताल. मालकांना त्याचीही धास्ती होती. १७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी ढोल वाजवीत बंड केले. ते चिरडल्यानंतर १७४० च्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. पण ढोल हिरावला म्हणून ताल थांबला नाही. माणसांनी टाळ्या वाजवल्या, मांड्यांवर थाप मारली, टाचा आपटल्या. शरीराचाच ढोल केला!

मळ्यांवरचे गुलाम मालकांच्या ऐटबाज नाचाची नक्कल करीत. त्यातून ‘केकवॉक’ हा नाच आला. आपलीच थट्टा चालली आहे, हे मालकांच्या ध्यानी येत नसे, असे जुन्या लोकांच्या आठवणी सांगतात. पुढे १८९० च्या दशकात हाच नाच गोऱ्या समाजात मोठ्या हौसेने नाचला गेला.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. १८३० च्या सुमारास थॉमस राइस हा गोरा नट तोंडाला काळे फासून ‘जिम क्रो’ नावाचे सोंग नाचवू लागला. प्रेक्षक खदखदून हसले. पुढे काळ्यांना वेगळे बसविणाऱ्या, वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांना हेच नाव पडले. नाचातली टिंगल कायद्याच्या अंगी कशी मुरते, याचे हे उदाहरण आम्हांला विसरता येत नाही.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत ‘कॉटन क्लब’ होता. तेथे नाचणारे काळे आणि पाहणारे गोरे. काळ्या माणसाला प्रेक्षक म्हणून प्रवेश नव्हता. त्याच वस्तीत १९२६ साली ‘सॅव्हॉय बॉलरूम’ सुरू झाले. तेथे काळे-गोरे एकाच फरशीवर नाचत. कातडीचा रंग कोणी पाहत नसे. पावले कशी पडतात, एवढेच पाहत. ‘लिंडी हॉप’ हा नाच तेथेच बहरला.

त्या नाचाचा एक मोठा कलावंत फ्रँकी मॅनिंग. १९३५ मध्ये त्याने जोडीदारणीला पाठीवरून हवेत फिरवून उतरविण्याची रीत नाचात आणली. पुढे लोकांची आवड बदलली आणि या कलावंताने अनेक वर्षे टपाल खात्यात नोकरी केली. १९८० च्या दशकात तरुण मुले त्याला शोधत आली. मग २००९ मध्ये निधन होईपर्यंत तो देशोदेशी शिकवीत राहिला.

१९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागातील गरीब मुलांनी रस्त्यावर ‘ब्रेकिंग’ सुरू केले. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये त्याच्या स्पर्धा झाल्या.

बंधू-भगिनींनो, जगाने नाच उचलला, पण नाचणाऱ्याला पंक्तीत बसविले नाही. हेच पुन्हा पुन्हा घडले. म्हणून आमची एवढीच विनंती आहे. घरातली मुले अशा तालावर नाचू लागली, तर त्यांना रागावू नका. हा ताल कोणी, कोणत्या यातना सोसून जपला, ते त्यांना सांगा. कलेचे कौतुक करताना कलावंताचे माणूसपण मान्य करणे, हीच खरी रसिकता होय.