कच्चें मडकें

श्रोतेहो, अहंकार सोडावा हा उपदेश आपल्याकडे इतक्या वेळां केला जातो कीं, तो ऐकून कोणीच दचकत नाहीं. जो तो मनांत म्हणतो, हें शेजाऱ्यानें ऐकावयास हवें होतें! अशा विषयांत कोरड्या तत्त्वचर्चेपेक्षां थोरांचें चरित्रच अधिक उपयोगी पडतें. नामदेवांच्या चरित्रांतील एक कथा या दृष्टीनें मनन करण्याजोगी आहे.

नामदेवांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० मधला. घरचा धंदा शिंप्याचा. परंतु चित्त लहानपणापासून विठ्ठलचरणीं जडलेलें. देव त्यांच्या हातचा नैवेद्य जेवतो, त्यांच्याशीं बोलतो, अशी त्यांची ख्याति होती. महीपतींच्या 'भक्तविजय' या १७६२ सालच्या ग्रंथांतही जी कथा आली आहे, ती थोडक्यांत अशी. एकदां संतमंडळी जमली असतां गोरोबा कुंभारांनीं आपलें थापटणें उचललें आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलें. बाकीचे शांत बसून राहिले. नामदेवांना मात्र राग आला. पाहुण्यांचा सत्कार करण्याची ही कोणती रीत, असें त्यांनीं विचारलें. गोरोबांनीं निकाल दिला, हें मडकें अजून कच्चें आहे.

आतां विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, नामदेवांची तक्रार खोटी नव्हती. पाहुण्याच्या डोक्यावर थापटणें मारणें हा शिष्टाचार खासच नव्हे. पण अहंकाराला लपावयास सर्वांत सोयीची जागा हीच असते. धनाचा गर्व चारचौघांना दिसतो, विद्येचा गर्व बोलण्यांतून कळतो. परंतु 'मी भक्त आहें', 'माझें म्हणणें न्याय्य आहे', या भावनेआड दडलेला मीपणा ज्याचा त्यालाही ओळखतां येत नाहीं. भाजलेलें मडकें आणि न भाजलेलें मडकें दिसावयास सारखेंच असतें. फरक कळतो तो ठोकल्यावर. पक्कें खणखणीत वाजतें, कच्च्याचा आवाज बद्द येतो. म्हणून कोणी ठोकल्यावांचून आपण कच्चे कीं पक्के, हें सांगतां येत नाहीं. थापटणें मडक्याला दोष देत नाहीं. तें फक्त दोष ऐकवितें.

दुखावलेले नामदेव पंढरीस परतले आणि त्यांनीं गाऱ्हाणें देवापुढें मांडलें. देवानेंही गोरोबांचाच निकाल कायम केला आणि त्यांना गुरूकडे, औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे पाठविलें, असें परंपरा सांगते. तेथें विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले! नामदेवांनीं पाय काढावयास सांगतांच ते म्हणाले, देव नसेल तेथें तूंच माझे पाय उचलून ठेव. पाय जेथें ठेवावे तेथें पिंडी दिसूं लागली. माझा देव, माझी मूर्ति, माझें त्याच्याशीं नातें, यांतील 'माझें' हें कुंपण त्या दिवशीं मोडलें. देव तोच राहिला. त्यावरचा हक्क तेवढा गेला.

कित्येकांना वाटतें, अहंकार गेला कीं माणूस लेचापेचा होतो, कोणींही यावें आणि टपली मारून जावें. कांहींजण तर 'मी अगदीं क्षुद्र आहें' असें येतां जातां म्हणतात. त्यांतही पहिला शब्द 'मी' हाच असतो. नामदेवांचें पुढील आयुष्य या दोन्ही समजुतींना उत्तर देतें. मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चालू असतां तें कोसळून इ. स. १३३८ मध्यें चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले. ज्यांना जिवंतपणीं देवळांत पाऊल टाकूं दिलें नाहीं, त्यांच्या अस्थि शोधून आणून नामदेवांनीं महाद्वारासमोर त्यांची समाधि उभारली, असें परंपरा सांगते. एका थापटण्याच्या स्पर्शानें ज्यांचा मान दुखावला होता, तेच दुसऱ्याच्या मानासाठीं साऱ्या जनरीतीसमोर उभे राहिले. स्वतःचा मान सांभाळण्यांत खर्च होणारें बळ एकदां मोकळें झालें, म्हणजे तें असें कामास येतें. अध्यात्मांतली मुक्ति मरणानंतरची असो वा नसो, ही मुक्ति जिवंतपणींची आहे.

असा पुरुष मग कोठेंही घर करूं शकतो. नामदेव पंजाबांत गेले. घुमान येथें त्यांचें स्थान आहे आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबांत त्यांचीं ६१ पदें आहेत. शेवटीं इ. स. १३५० मध्यें त्यांनीं पंढरीच्या महाद्वाराशीं पायरीची जागा मागून घेतली. येणाऱ्या जाणाऱ्या भक्तांचे पाय आपल्यावर पडावेत, एवढीच इच्छा. आज वारकरी त्या पायरीवर पाय देत नाहींत. तिला हात लावून, मस्तक टेकवून पुढें जातात.

श्रोतेहो, आपल्यासाठीं थापटणें घेऊन गोरोबा येणार नाहींत. तें काम घरांत धाकटा भाऊ करील, कचेरींत हाताखालचा मनुष्य करील, कधीं सूनबाईचा एखादा साधा प्रश्न करील. त्या वेळीं त्यांचें बोलणें योग्य कीं अयोग्य, हा विचार मागाहून अवश्य करावा. आधीं आपल्या आंतून आवाज कसा आला, तेवढा ऐकावा.