फिल्टर उसवून पाहूया



अध्यक्षाने कलेचं महत्त्व सांगावं असा प्रघात आहे. इथे बसलेल्या कलाशिक्षकांना ते ठाऊक आहे आणि ज्यांना सांगायला हवं ते वेळापत्रक आखणारे आज आलेले नाहीत. म्हणून थेट कामाचं बोलतो.

२०१५ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी आपल्याच गावातल्या नदीकाठचा फोटो व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’च्या ढंगात संगणकाकडून रंगवून घेतला. पुढच्याच वर्षी प्रिझ्मा ॲप आलं आणि ही करामत मुलांच्या हातात पडली. त्यांना गंमत वाटते, वाटू द्या. पण ते बटण चित्रकाराचे सगळे निर्णय गिळून टाकतं आणि आपल्याला तर तेच शिकवायचे असतात.

तेव्हा तयार शैलीची बटणं बाजूला ठेवून पोस्टराइज, लेयर अशी कंटाळवाणी वाटणारी अवजारं वर्गात आणा. फोटोपी हा एडिटर ब्राउझरमध्येच चालतो, फुकट आहे आणि उघडलेला फोटो बाहेरच्या सर्व्हरवर पाठवत नाही. फोटोत आपल्या मुलांचे चेहरे असतात, त्यामुळे मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

एखाद्या चेहऱ्याच्या फोटोतल्या छटा पोस्टराइजने कमी करत आणा. गालावरची मऊ सावली तुटते, रंगांचे सपाट तुकडे पडतात. नेमकं इथे राजा रवि वर्मा यांच्या छापखान्याबद्दल सांगा. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घरोघरच्या भिंतींवर लक्ष्मी-सरस्वती पोहोचल्या त्या इथल्या छपाईच्या दगडांवरून. एकेका रंगाला वेगळा दगड, आणि दर वेळी कागद केसभरही न हलता त्याच जागी बसायला हवा. मुलांनी एकेक रंग वेगळ्या लेयरवर घ्यावा आणि मग एक लेयर मुद्दाम सरकवावा. ओठांचा लाल हनुवटीवर उतरला, की छापणाऱ्याच्या हाताची किंमत न सांगता कळते.

त्याच तासाला चित्रकार वॉरहॉल दाखवा. ‘नायगारा’ चित्रपटाच्या प्रसिद्धीचा मेरिलिन मन्रोचा फोटो घेऊन १९६२ साली त्याने तो रेशमी जाळीतून पुन्हा पुन्हा छापला. रंग रेषेबाहेर गेला, शाई कमी-जास्त झाली. ते त्याने तसंच राहू दिलं. मळवलीत जो कागद रद्दीत गेला असता, तो न्यूयॉर्कमध्ये चित्र ठरला. शैली कशाला म्हणायचं यावर माझ्यापाशी याहून चांगला धडा नाही.

ठिपक्यांनी चित्र रंगवणाऱ्या सरा या चित्रकाराच्या बाबतीत मात्र फिल्टर चक्क फसवतो. तो गवताचा सरासरी हिरवा काढतो आणि त्याच रंगाचे ठिपके मांडतो. ‘ग्रांद जात’ या चित्रात, म्हणजे १८८४ ते ८६ या काळात, सराने हिरव्याच्या शेजारी नारिंगी ठेवला, सावलीत निळा पेरला. रंग शेजाऱ्यामुळे बदलतो हे शेव्हरल या रसायनतज्ज्ञाने १८३९ मध्ये लिहून ठेवलं होतं; गोब्लँच्या गालिचा-कारखान्यात रंगाईची जबाबदारी त्याच्याकडे होती. फिल्टरचं गवत आणि सराचं गवत पडद्यावर शेजारी ठेवून मोठं करा. फरक मुलंच सांगतील.

आणि वारली? ‘सर, वारलीचा फिल्टर कुठे आहे?’ असं विचारणारा एक तरी भेटतोच. वारली चित्रात तारपा नाचाचं वेटोळं वरून दिसतं आणि त्यातली माणसं समोरून. कॅमेऱ्याला एकाच जागी उभं राहावं लागतं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना तशी सक्ती नव्हती. म्हणून इथे फोटोपासून सुरुवातच करू नका. हा तास गेरू आणि तांदळाच्या पिठाचा आहे.

शेवटी एक विनंती. विद्यार्थ्याकडून नुसती प्रिंट घेऊ नका, लेयरसकट फाइल मागा. त्याने काय ठेवलं, काय पुसलं, कुठे अडला, हे तिथे दिसतं. अशा फाइलला गुण कसे द्यायचे, हे मलाही आपल्याकडून ऐकायचं आहे. दुपारच्या सत्रात तो विषय घ्यावा, असं सुचवून थांबतो.