शिंक अडावी तसं



आज मी टुरेट सिंड्रोमबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही एका प्रश्नाबद्दल, जो आपण डॉक्टर आणि समुपदेशक मुलांना विचारायचं विसरतो.

नऊ वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला होता. आईने फाइल पुढे सरकवली. डोळे दोनदा तपासलेले, नंबर नाही. खोकल्याची औषधं झाली, अ‍ॅलर्जीची झाली. मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढून झाली होती. आधी डोळे मिचकावणं, मग मान झटकणं, आणि आता घशातून 'हं' असा आवाज. आवाज आला की शाळेत त्याला वर्गाबाहेर उभं करत. "शाळेत जमेल तेवढं दाबून धरतो, घरी आला की तासभर थांबत नाही. म्हणजे मुद्दामच करतो ना, डॉक्टर?"

मी त्यालाच विचारलं, "मान झटकायच्या आधी तुला काय होतं रे?" तो जरा गप्प राहिला. मग मानेच्या उजव्या बाजूला बोट ठेवून म्हणाला, "शिंक येता येता अडते ना, तसं इथे होतं."

आई त्याच्याकडे बघतच राहिली.

शिंक थोडा वेळ रोखता येते, पण ती संपत नाही. टिकचंही, म्हणजे अशा नकळत होणाऱ्या हालचालींचं आणि आवाजांचंही, तेच. दाबता येतं म्हणून मूल मुद्दाम करतं, हा निष्कर्ष चुकीचा आहे. उलट दाबून धरण्यात त्याचं निम्मं लक्ष खर्च होतं, आणि मग 'अभ्यासात लक्ष नाही' हा शेराही त्याच्याच माथी येतो. सुरुवातीच्या काळात मीही एका आईला सांगितलं होतं, "लक्ष वेधून घ्यायला करतोय, दुर्लक्ष करा." ते वाक्य मला आजही टोचतं.

या आजाराला ज्यांचं नाव आहे, त्या जिल द ला तुरेत यांनी १८८५ साली पॅरिसमध्ये नऊ रुग्णांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यांत एक उमराव घराण्यातली बाई होती, तिच्या तोंडून नकळत शिव्या निघत. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या शिव्याच. प्रत्यक्षात हे लक्षण दहा-पंधरा टक्के रुग्णांतच दिसतं. पुढे कित्येक दशकं दोष मनाच्या गुंत्याला आणि आईबापांच्या वळण लावण्याला दिला गेला. १९६०च्या दशकात हॅलोपेरिडॉलने टिक्स कमी होताना दिसले, तेव्हा कुठे नजर मेंदूकडे वळली.

आज आपल्याला बरंच माहीत आहे. टिक्स बहुधा पाच ते सातच्या वयात सुरू होतात, दहा-बाराच्या सुमारास जोर धरतात आणि तरुणपणी बहुतेकांचे ओसरतात. मुलग्यांमध्ये प्रमाण मुलींच्या तीन-चार पट. सोबत अतिचंचलता किंवा मंत्रचळ असेल, तर पुष्कळदा मुलाला टिकपेक्षा त्याचाच जास्त त्रास होतो. तो आधी शोधा.

उपचारांत पहिला मान वर्तनोपचाराचा. त्या मुलाला आम्ही 'शिंक' ओळखायला शिकवलं. ती जाणवली की हनुवटी किंचित खाली घ्यायची, मानेचे स्नायू हलकेच ताठ धरायचे आणि कळ ओसरेपर्यंत तसंच राहायचं. घशाच्या आवाजासाठी नाकाने संथ श्वास. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात १२६ मुलं होती. दहा आठवड्यांत हा उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोडी जास्त मुलं सुधारली. नुसता धीर आणि माहिती मिळालेल्यांत हे प्रमाण पाचातल्या एकाहूनही कमी होतं. औषधं लागतात तेव्हा जरूर द्यावीत: क्लोनिडिन, अ‍ॅरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन. पण झोप, वजन यांवर लक्ष ठेवून. आणि टिक सौम्य असेल, मुलाला त्याचं काही वाटत नसेल, तर औषध न देणं हाही उपचारच आहे.

हा वर्तनोपचार मराठीत, मुलाच्या बोलीत शिकवणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. तालुक्याच्या गावातून आलेल्या आईला दर आठवड्याला शहरात या म्हणणं मला पटत नाही. आपल्यातल्या तरुणांनी हे शिकून घ्यावं, आणि व्हिडिओ कॉलवर शिकवायची तयारी ठेवावी.

शाळेला एक चिठ्ठी लिहायला पाच मिनिटं लागतात. आजाराचं नाव लिहा, हे मुद्दाम नाही असं लिहा, टोकू नका, बाहेर उभं करू नका, परीक्षेला थोडा वेळ जास्त द्या असं लिहा. त्या मुलाच्या वर्गशिक्षिकांनी अशी चिठ्ठी वाचली आणि त्याला दाराजवळचा बाक दिला, वाटलं की बाहेर फिरून यायला.

माझी एवढीच विनंती आहे. उद्या असं मूल समोर बसेल, तेव्हा पेन उचलण्याआधी त्याला विचारा, "करायच्या आधी तुला काय होतं रे?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.