जुनी मोटार घेताना

मंडळी, बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. जुनी मोटार घेतानाही लोक तसेच करतात. टायर दाबतात, हॉर्न वाजवतात. कागदांचे मात्र नुसते विचारतात. मालक "सगळे आहेत" म्हणाला, की पैसे मोजतात. कागद आहेत हे खरे. पण ते याच गाडीचे आहेत का, हे कोणी पाहावयाचे?

प्रथम आरसी हाती घ्या. पूर्वी तिचे पुस्तक असे, म्हणून अजूनही आपण आरसी बुक म्हणतो. आता बहुधा कार्ड असते. त्यावर इंजिन नंबर व चॅसी नंबर असतात. अलीकडच्या मोटारींचा चॅसी नंबर १७ खुणांचा असतो. काही अक्षरे, काही आकडे. तोच नंबर गाडीच्या लोखंडावर ठोकलेला असतो. जागा मालकाकडून दाखवून घ्या. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. मुले नाण्याचा छाप घेतात ना, तसा तो उमटतो. मग वर्गात आपण शुद्धलेखन तपासतो तसे दोघांनी बसावे. एकाने आरसीवरचे एकेक अक्षर मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने छापावर बोट ठेवून पाहावे. उरकाउरकी नको.

या १७ खुणांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरीत नाहीत, कारण ती १ व ० यांच्यासारखी दिसतात. तेव्हा कागदावर ओ आढळला, तर ती लिहिणाऱ्याची चूक असण्याचा संभव आहे. अशी चूक आरटीओ कचेरीत दुरुस्त होते. पण ती विकणाऱ्याने करून द्यावी, आणि पैसे घेण्याआधी. लोखंडावरचाच नंबर खरवडलेला दिसला, भोवती वेल्डिंग दिसले, तर बोलणे तेथेच थांबवावे. गाडी चोरीची निघाली तर पोलीस ती घेऊन जातात. आपले पैसे मग कोणाकडे मागणार?

आता नाव. विकतो मुलगा, कागदावर वडील, आणि वडील तर वारलेले! "मीच करतो की त्यांची सही," असे म्हणणारेही आम्ही ऐकले आहेत. अहो, ती खोटी सही झाली. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर व्हावी, मग त्याने विकावी.

सातबाऱ्यावर बोजा असतो, तसा आरसीवरही बँकेचा असतो. "कर्ज केव्हाच फिटलं," या बोलण्यावर जाऊ नये. बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ पाहावा. डिकीत सीएनजीची टाकी आणि आरसीवर नुसते पेट्रोल, हेही चालत नाही. ती नोंद करून घ्यावी.

गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९ व ३०. कोऱ्या फॉर्मवर सही करून "पुढचं एजंट बघेल" म्हणण्याची चाल फार आहे. ती आम्हाला मुळीच पसंत नाही. यात विकणाराही बुडतो. एकाने २००७ साली मोटार विकली. ती पुढे हातोहात फिरली, पण कागदावर नाव त्याचेच राहिले. २००९ साली अपघात झाला. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने ठरवले, की कागदावर ज्याचे नाव, तोच मालक, आणि भरपाई त्यानेच द्यावयाची. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवावयाचे असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमा कंपनीलाही घेणाऱ्याने १४ दिवसांत कळवावे.

गाडी ताब्यात देताना दोघांच्या सहीची पावती करावी. तीवर तारीख तर घालावीच, वेळही घालावी. सकाळी ११ वाजता गाडी दिली आणि दुपारी तिला दंड झाला, तर तो कोणाचा, हे त्या पावतीवरून कळेल.