शाळेचा कॅमेरा : उपयोग व निगा



घड्याळ, तराजू, नकाशे यांच्याबरोबर काही शाळांच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत आता डिजिटल कॅमेऱ्याचीही नोंद असते. वस्तू नोंदली जाते, कपाटात जाते व पुष्कळदा तेथेच राहते. पंधरा ऑगस्टला बाहेर काढावी तो ती चालत नाही. ह्यात दोष यंत्राचा क्वचितच असतो.

जालना हैदराबाद संस्थानात होते, त्या काळी निजामाच्या दरबारी राजा लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे छायाचित्रकार होते. त्यांच्या काचेवरील मूळ प्रतींचा मोठा संग्रह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आजही सुरक्षित आहे. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन याने पहिला डिजिटल कॅमेरा बनविला. त्यात एक चित्र कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज निमिषार्धात चित्र मिळते. परंतु काच शतकभर टिकली आणि मेमरी कार्ड एक बटण दाबताच कोरे होते, हा भेद शिक्षकाने ध्यानी ठेवावा.

ह्या भेदाचे मोल आपल्या जिल्ह्यात विशेष आहे. दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबे ऊसतोडीस जातात व मुलेही बरोबर जातात. अशा मुलाचे बालपणीचे एकमेव छायाचित्र शाळेने काढलेले असण्याचा संभव असतो. म्हणून वर्गाचे सामुदायिक चित्र वार्षिक संमेलनापर्यंत लांबवू नये. ते दसऱ्यापूर्वीच घ्यावे. मुलांना उन्हाकडे तोंड करून उभे केल्यास डोळे मिटतात. ओसरीत उभे करून मागे लख्ख अंगण ठेवल्यास चेहरे काळवंडतात. कडुलिंबाच्या सावलीत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसवावे. बटण प्रथम अर्धे दाबावे, भिंग स्थिर झाले की पुरे दाबावे. ट्रायपॉड नसेल तर टेबलावर पुस्तकांची चळत चालते.

आता शत्रूंविषयी. पहिला शत्रू धूळ. काळ्या रानाची धूळ, सरकी काढण्याच्या कारखान्याजवळ कापसाचे तंतू, आणि ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही ती वर्गातील खडूची भुकटी. भिंगावर कण असता ते धोतराच्या सोग्याने वा पदराने पुसणे म्हणजे भिंगावर वाळू घासणेच होय. तोंडाने फुंकरही घालू नये, थुंकीचे कण बसतात. रबरी फुग्याने हवा मारावी, मग मऊ ब्रश फिरवावा, आणि डाग उरलाच तर भिंगाच्या खास कापडाने हलक्या हाताने पुसावे. आतील प्रकाशग्राही पटलास हात लावू नये; ते काम दुरुस्ती करणाऱ्याचे.

दुसरा शत्रू पावसाळ्यातील दमट हवा. चामडी पिशवीत महिनोन्‌महिने कोंडलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशीचे जाळे धरते व ते काचेला कायमचे खाते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात कॅमेरा ठेवावा. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओल शोषली असे समजावे व ते बदलावे.

उन्हाळ्याच्या सुटीत बॅटरी काढून ठेवावी. ती पूर्ण रिकामी नसावी व पूर्ण भरलेलीही नसावी, निम्मी भरलेली बरी. पत्र्याच्या खोलीतील कपाट मे महिन्यात भट्टीसारखे तापते. अशा ठिकाणी ती ठेवू नये.

कार्डाविषयी एवढेच की, संगणकावर प्रत उतरत असताना ते ओढून काढू नये आणि दोन ठिकाणी प्रती झाल्याशिवाय कोरे करू नये. चुकून चित्रे पुसली गेली तर त्या कार्डावर पुढे एकही चित्र घेऊ नये. नवे चित्र जुन्याच्या जागी लिहिले गेले नसेल, तर जाणकारास जुनी चित्रे पुष्कळदा परत मिळविता येतात.

मोबाईलने हे सारे होते, असे कोणी म्हणेल. होते खरे, पण शिक्षकाची बदली झाली की मोबाईलही जातो आणि गावाची चित्रे त्याबरोबर जातात. शिवाय मुलांची चित्रे पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही समूहावर पाठवू नयेत. शाळेच्या कॅमेऱ्यातील चित्र शाळेतच राहते.

प्रत्येक प्रतीच्या नावात वर्ष, इयत्ता व गाव लिहावे, आणि मुलांची नावे रांगेच्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे, त्याच दिवशी वहीत उतरून घ्यावीत. पंधरवड्यानंतर मागच्या रांगेतील नावे आठवत नाहीत.